निपाणीहून फ्लॉरेन्सला

निपाणीच्या बाजारपेठेमागे तंबाखूच्या जुन्या वखारींना लागून एक चौसोपी वाडा आहे. दर गुरुवारी मी कोल्हापूरहून तेथे शिकवणीला जातो. शिकणारी मुले पाच-सहा, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून बसणाऱ्या घरच्या काकू. वय सत्तरीच्या पलीकडचे. मुलांचा पलटा चुकला की त्यांचा हात आपोआप मांडीवर थांबतो, आणि ती चूक माझ्या आधी त्यांना कळली हे मला कळते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. शिकवणी आटोपली, चहा आला आणि काकू म्हणाल्या, "मास्तर, दिवाळी झाली की मी इटलीला चालले. लेकीचं बाळंतपण आहे. फ्लॉरेन्सला असते ती."

मी आनंद व्यक्त केला. काकू पुढे म्हणाल्या, "आणि तीस नोव्हेंबरला महाराजांच्या छत्रीवर फूल वाहणार आहे. तुमच्या कोल्हापूरचे असून तुम्ही कोणी गेला न्हाईत, निपाणीची बाई जाऊन येते बघा!"

ही छत्री कोणती, हे कोल्हापुरातल्या जुन्या घरांना सांगावे लागू नये. पण नव्या पिढीसाठी दोन शब्द. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वय अवघे वीस. इंग्लंड पाहून, मायदेशी परतण्यासाठी निघाले असता वाटेत इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. बरोबरच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला तो दहनाचा. त्या ख्रिस्ती नगरीत प्रेत जाळण्याची चाल नव्हती. अधिकाऱ्यांकडे धावाधाव करून खास परवानगी मिळवावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, हिंदू विधीने महाराजांना अग्नी देण्यात आला. पुढे १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसविला गेला. जवळच बांधलेल्या पुलाला तिथले लोक आजही 'इंडियानो' म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. महाराजांनी प्रवासात लिहिलेली दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली.

परक्या भूमीवर माणसाला अखेरच्या क्षणीदेखील परवानगी लागते, हे करवीरकरांनी तेव्हाच पाहिले.

मी काकूंना विचारले, "व्हिसाचं काय केलंत?"

"ते काय, लेक बघंल की. तिकीट तिनं काढलंसुद्धा. पासपोर्ट माझा हाय, मार्चपर्यंत चालतोय."

'मार्चपर्यंत' हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली बशी हलली. त्याचे कारण सांगायचे तर घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझे वडील सारंगीवादक. संस्थान १९४९ साली विलीन झाले, त्याआधीची शेवटची काही वर्षे ते दरबाराच्या नोकरीत होते. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. दरबार गेल्यावर त्यांनी पोटासाठी शिकवण्या केल्या. पण कोणी दरबारी वादक म्हणून बोलावले तर त्यांच्या चेहऱ्यावर वेगळेच तेज येई. २००९ साली आखातातल्या एका शहरातील मराठी मंडळींनी गणेशोत्सवात त्यांचा सत्कार ठरविला. वडील ऐंशीच्या पुढचे. विमानात कधी बसलेले नाहीत. सोबतीला मी. सारे कागद तयार झाले. वडिलांचा पासपोर्ट नवा कोरा, माझा जुना. पण मुदत संपायला अजून चार महिने होते आणि आम्ही तर आठ दिवसांत परतणार होतो.

मुंबईच्या विमानतळावर खिडकीमागच्या मुलीने माझा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि शांतपणे सांगितले, की त्या देशात उतरतेवेळी पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असावी लागते. वडिलांना जाता येईल, मला नाही. वडिलांना एकट्याने जाणे शक्यच नव्हते. रात्री दोन वाजता आम्ही बापलेक सारंगीची पेटी घेऊन बाहेर आलो आणि पहाटे कोल्हापूरची गाडी धरली. साताऱ्यापर्यंत वडील एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "तंबोरा लावल्याशिवाय बैठकीला बसायचं नाही, एवढंच तर तुला शिकवलं होतं."

पुढच्या वर्षी ते गेले. सत्कार राहिला तो राहिलाच. यात त्या मुलीचा काही दोष नव्हता, विमान कंपनीचाही नव्हता. नियम छापलेला होता. मी तो वाचला नव्हता, इतकेच. आपण 'परत कधी येणार' एवढे मोजतो. समोरचा देश 'न परतलात तर काय' हे मोजतो.

म्हणून त्या गुरुवारी मी काकूंना म्हटले, "सगळे कागद खाली आणा. आज माझी परतीची बस चुकली तरी चालेल."

या सीमाभागातल्या लोकांना परवान्याचे वावडे असायला नको. बेळगावकरांना तर परदेश म्हणजे काय हे एके काळी चांगले ठाऊक होते. तो कॅसलरॉकच्या पुढे सुरू होई. लोंढ्याहून निघालेली गाडी कॅसलरॉकला थांबे, आपल्याकडची तपासणी होई. घाट उतरून कुळ्याला पोर्तुगीज जकातदार वाट पाहत असत. १९५५च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची सत्याग्रही तुकडी गोव्यात शिरली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारने सरहद्द बंद केली. रेल्वे थांबली. बेळगावच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले, की त्यांचे कुलदैवत मंगेशी. मुंजीनंतर दर्शनाला न्यायचे ते राहून गेले आणि १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच देवाचे तोंड पाहायला मिळाले. सत्याग्रही परवान्याशिवाय गेले ते जाणूनबुजून, परिणामांची तयारी ठेवून. आपण परवान्याशिवाय जातो ते विसरून. दोन्हींत अंतर आहे.

असो. काकूंचे कागद ओसरीवर मांडले आणि एकेक गाठ दिसू लागली.

पहिली गाठ मुदतीची. इटली आणि तिच्यासह युरोपातील एकूण २९ देशांनी मिळून शेंगेन नावाचा एकच प्रवेश-परवाना ठेवला आहे. त्यांचा नियम असा, की ज्या दिवशी तुम्ही तो प्रदेश सोडणार त्या दिवसानंतरही पासपोर्टची मुदत किमान तीन महिने शिल्लक पाहिजे, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे आणि त्यात दोन कोरी पाने पाहिजेत. काकूंचा पासपोर्ट १२ मार्चला संपत होता. म्हणजे माझ्याच वळणावर काकू उभ्या होत्या.

दुसरी गाठ दिवसांची. काकूंचा बेत होळीपर्यंत राहण्याचा. लेकीचे बाळंतपण म्हणजे निदान चार महिने, असा आपला हिशेब. पण पाहुण्याला तेथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा दोन्ही दिवस धरले जातात. काकू खट्टू झाल्या. "बाळंतिणीला सव्वा महिना तरी बघायला पाहिजे न्हवं?" मी बोटांवर मोजून दाखविले: १५ नोव्हेंबरला गेलात आणि ९ फेब्रुवारीला निघालात तर ८७ दिवस. डॉक्टरांनी दिलेली तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. सव्वा महिना होऊन वर तीन-चार आठवडे उरतात. तेव्हा कुठे काकूंचा जीव खाली बसला.

तिसरी गाठ सर्वांत अवघड, आणि ती आपल्या जुन्या घरांच्या चालीरीतीतून आलेली. काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर काकांनी अंगठीने जे नाव लिहिले ते निराळे. पासपोर्टवर सासरचे नाव आहे; पण लेकीच्या जन्माच्या नोंदीत आईचे नाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले, आणि लेकीने काढलेल्या तिकिटावर आडनावातला 'व' इंग्रजीत 'डब्ल्यू'ने, तर पासपोर्टवर 'व्ही'ने. मराठीत दोन्ही एकच. यंत्राला मात्र ही दोन माणसे वाटतात.

नावाचा हा घोळ सीमाभागात अधिकच. कोणाचा दाखला मराठी शाळेतला, कोणाचा उतारा कन्नडमधून इंग्रजीत आलेला. कित्येकांच्या कागदांवर आडनाव नाहीच, नुसती आद्याक्षरे. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशाला पर्यटक म्हणून प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा दक्षिणेकडच्या कितीतरी लोकांची धांदल उडाली. पुढे पासपोर्टच्या मागील पानावर वडिलांचे नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला.

जन्मस्थानाचीही गंमत पाहा. काकूंचे माहेर बेळगावचे, जन्म १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात. मग म्हैसूर राज्यात, १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी. काकूंनी विचारले, "मग मी जन्मले कुठं म्हणून लिहू?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न विचारला की घरात रात्रभर चर्चा चालते. मी एवढेच म्हटले, की या अर्जात आपली भावना लिहायची नाही. पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच जसेच्या तसे उतरवायचे. काकू क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "लिहा. कागदावर कुठंही असूं दे."

चौथी गाठ अर्ज कोठे करायचा याची. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. निपाणीकरांचे लग्नाचे बस्ते, दवाखाने, शिक्षण सारे कोल्हापूरकडे. पण परदेशी वकिलाती अर्जदार राहतो त्या राज्यावरून कचेरी ठरवितात. तेथे आपला शेजार चालत नाही. पासपोर्टच्या बाबतीत मात्र आता सोय झाली आहे. देशात कोठूनही अर्ज करता येतो. काकूंनी बेळगावच्या पोस्टातील पासपोर्ट केंद्राची वेळ घेतली. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षभर आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तीन आठवड्यांत नवे पुस्तक घरी आले.

पाचवी गाठ तिकिटाची होती, आणि ती सोडवायला पैसे मोजावे लागले. लेकीने स्वस्त पडले म्हणून लंडनमार्गे तिकीट काढले होते. विमान बदलताना काकू विमानतळाबाहेर पडणार नव्हत्या, तरीही हिंदुस्थानी पासपोर्टवाल्याला तेथून नुसते जाण्यासाठीही साधारणपणे ब्रिटनचा वेगळा परवाना लागतो, आणि इटलीचा पर्यटक-परवाना त्याला पर्याय होत नाही. तिकीट रद्द केले, निम्मे पैसे बुडाले, दुसऱ्या वाटेचे काढले. या खेपेला 'व्ही'ने. वास्तविक परवाना हाती येण्यापूर्वी पक्के तिकीट काढूच नये. अर्जासोबत नुसते आरक्षण दाखविले तरी भागते.

बाकीचे सरळ होते. निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, लेकीचे निमंत्रणपत्र आणि तिच्या घराचा पुरावा, बँकेची खातेवही, परतीचा बेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वी घेत नाहीत आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला असे धरतात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. शुल्क ९० युरो, आणि परवाना नाकारला तरी ते परत मिळत नाही. लेकीला मी आणखी एक गोष्ट कळविली: इटलीत परदेशी पाहुणा घरी उतरला तर यजमानाने ४८ तासांच्या आत तेथल्या पोलिसांना लेखी कळवायचे असते. "आपल्या आईला घरात ठेवायचं तरी वर्दी?" काकूंनी विचारले. होय, तरीही.

शेवटची गाठ स्वयंपाकघरातली. काकूंनी बाळंतिणीसाठी साजूक तुपातले डिंकाचे लाडू आणि जावयासाठी बेळगावचा कुंदा नेण्याचे ठरविले होते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू नयेत असा युरोपीय संघाचा नियम आहे. रोग पसरू नयेत म्हणून. कुंदा म्हणजे तर आटवलेले दूधच. तो निपाणीतच वाटला गेला, त्यातला एक वाटा मलाही आला. काकूंनी पिशवीत डिंक, खारीक आणि सुंठ बांधली. तूप तेथल्या लोण्याचे कढवायचे ठरले.

आता आमच्या संगीतवाल्यांसाठी चार ओळी, कारण अमेरिका-विलायतेत मराठी मंडळे वाढली आहेत आणि बोलावणी येतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचे. पाहुणा म्हणून जाणे वेगळे आणि कला सादर करायला जाणे वेगळे. अमेरिकेत पर्यटक-परवान्यावर हौशी कलावंताला बिनमोबदला कार्यक्रमात भाग घेता येतो. ज्याचा व्यवसायच गाणे आहे त्याला कलावंताचा वेगळा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये पाहुण्याला काही ठरावीक कामांचे मानधन घेता येते. पण ते काम निघण्यापूर्वीच ठरलेले आणि अर्जात सांगितलेले पाहिजे, आणि पोहोचल्यापासून एक महिन्याच्या आत उरकले पाहिजे. 'मी नुसता फिरायला आलो' असे सांगून सामानात तबला, सारंगी आणि छापील कार्यक्रमपत्रिका सापडली तर कोणता अधिकारी विश्वास ठेवील? वाद्यांचेही तसेच. मिरजेचा तंबोरा जगात नावाजलेला, २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण जुन्या तंबोऱ्यावरची हस्तिदंती नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी सीमेवर अडविली जाते. माझ्या वडिलांच्या सारंगीला हस्तिदंत आहे. २००९ साली पासपोर्टमुळे अडलो नसतो तर कदाचित त्यामुळे अडलो असतो, हे मला फार उशिरा उमगले.

ज्यांना दूर जायचे नाही त्यांनीही निष्काळजी राहू नये. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून लोक नुसते आधारकार्ड घेऊन निघतात. पण तेथे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मागतात, आणि आधारची सवलत पंधरा वर्षांखालच्या व पासष्ट वर्षांवरच्या माणसांपुरती आहे. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्याने दहा दिवस आधी लस टोचून घ्यावी. दाखला नसेल तर परतताना आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. आणि ही माहिती गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मेहुण्याला किंवा कोपऱ्यावरच्या दलालाला विचारून भागत नाही. नियम वर्षात दोनदा बदलतात. मी येथे लिहिले तेदेखील निघण्यापूर्वी त्या-त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत पत्रकाशी ताडून पाहावे.

पूर्वी समुद्र ओलांडणाऱ्याला प्रश्न पडे, की परतल्यावर जातगंगा घरात घेईल का. प्रायश्चित्ताची तयारी निघण्यापूर्वीच करावी लागे. आता घरचे दार मोकळे आहे, पलीकडचे दार तपासून पाहावे लागते.

काकू १५ नोव्हेंबरला उतरल्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी मुलांना भूप शिकवीत होतो. युरोपाच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदविण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तीत काकूंचा बराच वेळ गेला. परवाना हाती असला तरी दारावरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो, तसे त्याने विचारले: कोठे उतरणार, किती दिवस, परतीचे तिकीट कुठे? काकूंना इंग्रजी येत नाही. त्यांनी मी क्रमाने लावून दिलेले कागद एकेक करून पुढे ठेवले. "गाण्यासारखं," त्या म्हणाल्या, "आधी सा, मग रे."

तीस नोव्हेंबरला पाऊस होता. लेकीला दिवस भरलेले. ती घरीच राहिली. जावई काकूंना घेऊन गेले. पानगळीच्या झाडांतून ती छत्री, तिच्याखाली फेट्यातले वीस वर्षांचे महाराज. काकूंनी फूल वाहिले आणि मोठ्या सामानातून नेलेल्या पंचगंगेच्या लहानशा बाटलीतले पाणी संगमाकडे पाहत मातीवर सोडले. चार दिवसांनी नात झाली.

फेब्रुवारीत, नवव्या तारखेला, काकू ठरल्याप्रमाणे परतल्या. पुढच्या गुरुवारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी दोन वस्तू ठेवल्या, नातीचा फोटो आणि छत्रीचा फोटो. दुसरा मी घरी नेला आणि वडिलांच्या सारंगीच्या पेटीत ठेवला. तेथे त्यांचा पासपोर्ट आहे. त्याची सगळी पाने कोरी आहेत.